शेऱ्याचा रकाना

मंगळवारी सकाळी साडेअकराला, ऑफिसात, माझ्याच खुर्चीत बसून मला कळलं की मी मुळा आहे. मुळा दोनशे सतरा, स्त्री, वय त्रेचाळीस. माझ्या वर वाटाणा होता, वय सत्तर, आणि खाली कोबी, वय नऊ. हसू नका, आमच्या कंपनीत ही गंभीर बाब आहे. आम्ही दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. पेशंटच्या नोंदी, तपासण्या, औषधं, पुढची तारीख, सगळं त्यात, आणि पाच देशांतले दवाखाने ते वापरतात. त्यात नवं काही घातलं की आधी ते चालवून बघावं लागतं आणि चालवून बघायला पेशंट लागतात. खोटे पेशंट तयार करायला तीन दिवस जातात, खऱ्यांची नक्कल काढायला तीन मिनिटं. म्हणून चार वर्षांपूर्वी कुणीतरी डोकं लढवून एक प्रोग्रॅम लिहिला. खऱ्या नोंदींची नक्कल काढायची, नावं पुसायची आणि त्या जागी भाज्या घालायच्या. पत्ता, फोन, जन्मतारीख यांच्यावर बोळा. मग त्या भाज्यांवर खुशाल चाचण्या करा, कुणाचं काही उघडं पडत नाही. अशी नक्कल चाचणीसाठी वापरायला हरकत नाही, या कागदावर मंजुरीची सही कुणाची? माझी. कंपनीत लोकांची खाजगी माहिती जपायचं काम माझं आहे. ऑफिसात मला कुलूपबाई म्हणतात, मला ते माहीत आहे, आणि मला ते आवडतंही.

नावावरून नाही कळलं मला. शेऱ्यावरून कळलं. नोंदीत सगळ्यात शेवटी 'शेरा' नावाचा एक रकाना असतो, डॉक्टरला सुचेल ते लिहायला मोकळा. मंजुरी देताना मी विचारलं होतं, याचं काय? तेव्हा उत्तर आलं, तो रिकामाच असतो मॅडम, डॉक्टरांना वेळ कुठे आहे लिहायला. मी मान डोलावली. दवाखान्यात जाऊन चार नोंदी उघडून बघायला काय झालं होतं मला? त्या रकान्यावर बोळा फिरलाच नाही. आणि डॉक्टरांना वेळ असतो हो. माझ्या डॉक्टरांना तर फारच. मुळा दोनशे सतराच्या पुढे लिहिलं होतं: 'लहानपणापासून झटके येतात. नोकरीच्या ठिकाणी माहीत नाही. हे सॉफ्टवेअर ज्या कंपनीचं आहे तिथेच कायदे-नियमांचं काम बघतात. ऑफिसच्या नंबरवर फोन करू नये.' वाचता वाचता माझ्या तोंडात तांब्याची चव आली. झटका यायच्या आधी मला ती येते, जिभेखालून वर चढते, आणि मग काही सेकंद सगळ्या वस्तू फार ओळखीच्या वाटायला लागतात. मी टेबलाची कड धरली. समोर चौघं जण बसले होते, एक फोनवर बायकोशी भांडत होता. मी मनात आकडे मोजले, एकवीस, बावीस, तेवीस. काही झालं नाही. नुसती भीती होती. पण भीतीलाही तीच चव असते हे मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं.

मी त्या नोंदी वाचत का बसले होते तेही सांगते. ही भाज्यांची नक्कल एका कंत्राटदाराने काम सोपं व्हावं म्हणून परदेशातल्या एका सर्व्हरवर नेऊन ठेवली आणि पासवर्ड लावायचा विसरला. अकरा दिवस ती तशीच उघडी. जगातल्या कुणीही यावं, बघावं, न्यावं. शनिवारी संध्याकाळी पाचला आमच्या किडेमास्तरांच्या ते लक्षात आलं. किडेमास्तर म्हणजे सॉफ्टवेअरमधले दोष शोधणारे आमचे जुने गृहस्थ, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, कुठल्याही गोष्टीत किडा दिसल्याशिवाय ज्यांना घास उतरत नाही असे. त्यांनी मला घरी फोन केला, मी सर्व्हर बंद करवला, आणि तिथून घड्याळ सुरू झालं. कारण आमच्या पाच देशांपैकी एक देश फार कडक आहे. माहिती फुटली हे कळल्यापासून बहात्तर तासांत तिथल्या सरकारी कचेरीला कळवा, मग ज्यांची फुटली त्यांनाही सांगा, नाहीतर असा दंड की कंपनीला टाळं. बहात्तर तास म्हणजे मंगळवार संध्याकाळचे पाच, आणि त्याआधी नक्की काय काय फुटलं ते बघायला मी नोंदी उघडल्या होत्या.

बाकीच्या चार देशांचं काय? तिथेच तर घोडं अडतं. एका सुनेला पाच सासवा असाव्यात तसं माझं काम आहे. एक म्हणते, पेशंटने सांगितलं की त्याचं सगळं पुसून टाक. दुसरी म्हणते, दहा वर्षं एक अक्षर पुसशील तर याद राख. तिसरी म्हणते, आमच्या माणसाची माहिती आमच्या हद्दीबाहेर गेलीच कशी? चौथीने कायदा केलाय, नियम यायचेत, वर्षानुवर्षं यायचेतच. आणि पाचवी आपली स्वतःची, हा माझा देश, तो म्हणतो, ज्या माहितीवरून माणसाची ओळख पटते तेवढीच माहिती खाजगी, नाव पुसलं की आमचं काही म्हणणं नाही. अकरा वर्षं मी या पाचजणींची मर्जी सांभाळतेय. सांभाळायची युक्ती सोपी आहे: जी सगळ्यात कडक तिच्यासारखं सगळ्यांशी वागायचं, मग कुणाचीच बोलणी खायला नकोत. साहेबांना हे कधी पटलं नाही. साहेब म्हणजे आमचे मुख्य. ते म्हणतात, जिथे जेवढं लागतं तेवढंच द्यायचं, फुकटचा शहाणपणा कशाला. माणूस वाईट नाही. आजारपणाची रजा मागितली की कारण विचारत नाहीत. त्या न विचारण्यावर माझी अकरा वर्षं निघाली, हेही खरं.

लपवायला मला आईने शिकवलं. सहावीत होते. शाळेत प्रार्थनेच्या वेळी पडले, आणि आई मला न्यायला आली तेव्हा बाईंना म्हणाली, ऊन लागलं हो तिला. बाहेर ढग होते. बाईंनी खिडकीतून एकदा बाहेर बघितलं आणि माझं दप्तर आईच्या हातात दिलं. रस्त्याने आई माझा हात इतका आवळून चालत होती की माझी बोटं पांढरी पडली. घरी आल्यावर तिने दार लावलं, मला पाणी दिलं, आणि म्हणाली, "हे तुझ्या-माझ्यात. झाकली मूठ सव्वा लाखाची, उघडली की संपलं." मी विचारलं, बाबांना? म्हणाली, त्यांना मी सांगेन, तू नाही. मग पोहायला जायचं नाही, कारण सर्दी होते. सहलीला जायचं नाही, कारण गाडी लागते. गॅसपाशी एकटीने उभं राहायचं नाही, कारण पोरीची जात धांदरट. मला गाडी कधी लागली नाही. मी धांदरटही नव्हते. पण ऐकून ऐकून सगळ्या नात्यात मी नाजूक, रडकी, लाडावलेली ठरले, आणि ते आईला चाललं, आजारी ठरण्यापेक्षा बरं म्हणून. लग्नाच्या वेळीही तेच. दुसऱ्या वर्षी नवऱ्याने मला स्वयंपाकघरात पडताना पाहिलं. शुद्धीवर आले तेव्हा तो जमिनीवर माझ्याशेजारी बसला होता, घामाघूम. म्हणाला, "आधी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "सांगितलं असतं तर काय केलं असतंस?" त्याने शर्टाच्या बाहीने घाम पुसला. मला वाटलं, संपलं. मग म्हणाला, "गोळ्या टॉवेलांच्या मागे ठेवाव्या लागल्या नसत्या तुला, एवढंच." त्या दिवसापासून गोळ्या जेवणाच्या टेबलावर आल्या. पण ऑफिसात त्या अजूनही पर्सच्या आतल्या कप्प्यात, ॲसिडिटीच्या गोळ्यांच्या डबीत असायच्या. मूठ झाकलेलीच. गंमत बघा, मला वाटायचं मी या कामात हुशार आहे कारण मी फार शिकले. अहो, कसलं शिकले! सहावीपासून एकच धंदा करतेय.

साडेबाराला किडेमास्तर माझ्या टेबलापाशी आले. कॉफीचा कप हातात, नजर स्वतःच्या बुटांवर. "मॅडम, शेरे वाचलेत?" मी म्हटलं, वाचतेय. "मी चाळीस-पन्नास वाचले," ते म्हणाले, "मग बंद केलं. लोकांच्या घरात न विचारता शिरल्यासारखं वाटायला लागलं." मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते बुटांकडे बघत राहिले. मी विचारलं, "दोनशे सतरा वाचलात?" त्यांनी कप या हातातून त्या हातात घेतला. "मी कुणाला बोललो नाही," म्हणाले, "आणि बोलणारही नाही. मुलांची शपथ." चांगला माणूस. आणि मला त्यांचा असा राग आला म्हणून सांगू! त्यांचं न बोलणं उपकारासारखं अंगावर आलं. म्हणजे उद्यापासून हे समोरून आले की मी हसणार, त्यांच्या वाढदिवसाला आठवणीने कार्ड देणार, त्यांनी रजा टाकली की माझ्या जिवाला घोर लागणार, की आता कुणाला सांगतील. माझी गोष्ट त्यांच्या चांगुलपणावर जगणार. आणि त्या अकरा दिवसांत आणखी कोण कोण येऊन गेलं, ते चांगले होते का, हे कोण सांगणार? मी म्हटलं, "तुमच्यावर राग नाही माझा." खोटं होतं, पण त्यांना बरं वाटलं. ते गेल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि आरशात बघून मोठ्याने म्हणाले, "मुळा." शेजारच्या दरवाजामागून कुणीतरी दचकून फ्लश केला.

तीनला बैठक. लहान खोली, काचेची भिंत, मध्ये लांबडं टेबल, बिस्किटांची बशी, जिला बैठक संपेपर्यंत कुणी हात लावत नाही. साहेब, आमच्या वकीलबाई, किडेमास्तर आणि मी. वकीलबाई माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठ्या, मला अगं-तुगं करतात आणि मी त्यांना अहो-जाहो. त्यांनी कागद तयारच आणला होता. एकूण नोंदी आठ हजार एकशे सेहेचाळीस. त्यांपैकी कडक देशाच्या तीनशे बारा. तीनशे बारा लोकांना पत्रं जातील, तिथल्या कचेरीला पाचच्या आत कळवलं जाईल. उरलेल्या सात हजार आठशे चौतीस नोंदींबद्दल एक वाक्य: नावे काढून टाकलेली असल्याने या माहितीवरून कोणत्याही व्यक्तीची ओळख पटत नाही, सबब कळवण्याची आवश्यकता नाही. खाली माझ्या सहीची जागा. वकीलबाईंनी पेनाचं टोपणसुद्धा काढून ठेवलं होतं.

"हे वाक्य खोटं आहे," मी म्हटलं.

"अगं, खोटं कसं? कायद्यात बसतं ते," वकीलबाई म्हणाल्या. "तिकडचे लोक कडक, त्यांना सांगतोय. इकडे कायदा मागत नाही, तर आपण होऊन कशाला साप अंगावर घ्यायचा?"

मी म्हटलं, रोग तोच, चूक तीच, सर्व्हर तोच, आणि तिकडच्या आजीला पत्र आणि इकडच्या आजीला ठेंगा, हा कुठला न्याय? साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. ते चिडले की आवाज खाली आणतात. "न्यायाचा प्रश्न नाही. आठ हजार लोकांना आपण पत्र लिहिलं तर त्यांचे दवाखाने उद्या आपल्याला सोडून जातील. इथे दीडशे माणसं काम करतात. तुम्ही म्हणताय ओळख पटते. बरं. शेरे मीही चाळले. कुठे लिहिलंय 'पथ्य पाळत नाही', कुठे 'बिल मुलाकडे पाठवावे'. काय ओळख पटते त्यातून? मला एक दाखवा. आठ हजारांतला एक माणूस दाखवा, जो या शेऱ्यावरून या खोलीतल्या कुणालाही ओळखता येईल. दाखवा, मी कागद फाडतो. नाहीतर सही करा. पावणेचार झालेत."

एक दाखवा. मला एक नाही, वीस दाखवता आले असते. माझ्या खालच्या ओळीतल्या नऊ वर्षांच्या कोबीचा शेरा नुसता वाचला असता तर साहेबांनी तिथल्या तिथे कागद फाडला असता, त्यात शाळा होती, गल्ली होती, आणि त्या पोरीला कुणापासून सांभाळायचं तेही होतं. मी तो दोनदा वाचलाय आणि मला तो पाठ झालाय. तुम्हालाही सांगणार नाही. तो तिचा आहे. तिला वाचवायला म्हणून तो चारचौघांत वाचायचा, म्हणजे अकरा दिवस जे बाहेर झालं तेच आत पुन्हा करायचं. वाटाण्याचाही वाचायचा नाही. आठ हजार एकशे सेहेचाळीस शेऱ्यांपैकी मोठ्याने वाचायचा हक्क मला एकाच शेऱ्यावर होता. हे सरळ होतं, दोन आणि दोन चार इतकं सरळ, आणि तरी माझा हात लॅपटॉपकडे जाईना. आईचा चेहरा आला डोळ्यांसमोर. ती आता थकली आहे, फोनवर अजून विचारते, ऑफिसात कुणाला कळलं नाही ना गं? मला पहिल्यांदाच वाटलं की तिला ठणकावून विचारावं, कळलं तर काय होईल आई? सांग ना, नक्की काय होईल? इतकी वर्षं आपण दोघी कुणाला घाबरलो? मी चोरी केली होती का? आपली गोष्ट आपल्यापाशी ठेवणं निराळं आणि चोरासारखं जगणं निराळं, आणि तू मला पहिल्याच्या नावाखाली दुसरं शिकवलंस. राग आला मला तिचा, मायाही आली. पण मुख्य म्हणजे राग. समोर किडेमास्तर माझ्याकडे बघत होते आणि हळूच मान हलवत होते, नको, नको. त्यांच्या त्या नको-नकोनेच माझा निश्चय झाला.

मी लॅपटॉप उघडला आणि वाचलं. मुळा दोनशे सतरा, स्त्री, वय त्रेचाळीस. लहानपणापासून झटके येतात. आवाज कापला नाही, मला वाटलं होतं कापेल. नोकरीच्या ठिकाणी माहीत नाही. हे सॉफ्टवेअर ज्या कंपनीचं आहे तिथेच कायदे-नियमांचं काम बघतात. ऑफिसच्या नंबरवर फोन करू नये. मी लॅपटॉप मिटला. वकीलबाईंनी आपोआप पेनाचं टोपण लावलं. काचेपलीकडून कुणीतरी हसत गेलं, दार उघडल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला.

"पटली ओळख?" मी विचारलं.

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग अगदी हळू, खरोखरच मायेने म्हणाले, "तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं. हे बघा, ही एक नोंद आपण काढून टाकू. आत्ता. मास्तरांना सांगतो, पाच मिनिटांचं काम. यादीत तुम्ही नव्हतातच. ह्या खोलीतून बाहेर जाणार नाही, माझा शब्द." आणि कागद पुन्हा माझ्याकडे सरकवला. त्यांना खरंच वाटत होतं की ते माझं भलं करताहेत. मला गहिवरून आलं नाही. संताप आला, असा स्वच्छ संताप मला कित्येक वर्षांत आला नव्हता, डोकं हलकं झालं अगदी.

"मला वगळून नाही," मी म्हटलं, "माझ्यासकट. आठ हजार एकशे सेहेचाळीस. पाचही देश, एकच पत्र, सगळ्यांना सारखं. काय फुटलं, किती दिवस उघडं होतं, चूक कोणाची. तो रकाना मी न बघता सोडला, तेही त्यात लिहा, माझ्या हुद्द्यासकट. मला काढायचं असेल तर उद्या काढा, आज पाचपर्यंत ही सही माझी आहे. आणि त्या वाक्याखाली ती होणार नाही. तुम्ही शब्द दिलात, साहेब, कागद फाडतो म्हणालात."

साहेबांनी वकीलबाईंकडे बघितलं. वकीलबाई माझ्याकडे बघत होत्या. "आठ हजार पत्रं," त्या म्हणाल्या, आणि मग स्वतःशीच, "दिलाय खरा शब्द, मी साक्षीला आहे." साहेबांनी कागद फाडला नाही, तेवढं नाटक त्यांच्या अंगात नाही. त्यांनी त्या वाक्यावर उभ्या-आडव्या रेघा मारल्या, तीनशे बारा खोडून आठ हजार एकशे सेहेचाळीस लिहिलं, आणि कागद परत दिला. चार वाजून वीस मिनिटांनी मी सही केली. माझी सही एरवी गिचमिड असते, त्या दिवशी अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. किडेमास्तर तिथेच बसून कडक देशाच्या कचेरीचा फॉर्म भरायला लागले आणि चार चोपन्नला तो गेला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. साहेब खिडकीबाहेर बघत होते, बहुतेक दीडशे माणसं मोजत होते, आणि ते मोजणं काही खोटं नव्हतं.

मग ते वळले आणि अवघडून म्हणाले, "म्हणजे... ते झटके... अजून येतात?"

"वर्षातून एखादा," मी म्हटलं. "ऑफिसात अजून आलेला नाही. उद्या येईल, नाहीतर कधीच येणार नाही. आता विचारलंच आहे तर नीट ऐकून ठेवा. मी पडले तर मला दाबून धरायचं नाही. तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही. खुर्च्या बाजूला करायच्या, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं आणि झटका थांबला की कुशीवर वळवायचं." किडेमास्तरांनी खिशातून पेन काढलं आणि त्या खोडलेल्या कागदाच्या झेरॉक्सच्या पाठीवर लिहून घ्यायला लागले. "किती मिनिटं थांबायचं?" त्यांनी विचारलं.

"पाच. घड्याळ लावून. पाचाच्या वर गेलं तर ॲम्ब्युलन्स, नाही गेलं तर काही नको. आणि कुणी विचारलं बाईंना काय झालं, तर ऊन लागलं, चक्कर आली, उपवास होता, असलं काही सांगायचं नाही. काय झालं ते मी उठले की मी सांगेन."